‘दूध पुरत नाही’ : स्तन्यक्षयाचे निदान आणि सूतिकेस मिळावयाचे तज्ज्ञ साहाय्य

सूतिकावस्थेतील तक्रारींमध्ये ‘अंगावरचे दूध पुरत नाही’ ही तक्रार आपणा सर्वांच्या चिकित्सालयात व औषधी दुकानात नित्य ऐकू येते. बहुधा ती स्वतः बाळंतीण सांगत नाही, तिची आई किंवा सासू सांगते : “वैद्यसाहेब, पोरीले दूधच नाही, काही औषध द्या, नाही तर डब्याचं लिहून द्या.” या एका वाक्यावर आपण ‘स्तन्यक्षय’ असे निदान लिहून मोकळे होतो, शतावरीचा कल्प हाती देतो, आणि दुकानात हीच तक्रार आली तर फळीवरचा पावडरचा डबा खाली उतरतो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट राहून जाते. बालक स्तनपान करीत असताना ते कोणी बसून पाहिलेले नसते.

माझ्या स्वतःच्या व्यवसायात घडलेला एक प्रसंग नमूद करतो. त्यास आता बरीच वर्षे झाली. प्रथम प्रसूती झालेली, माहेरी आलेली सूतिका बाराव्या दिवशी आईसह आली. बालक सारखे रडते, दूध कमी आहे, ही तक्रार. नाडी, अग्नी, मलप्रवृत्ती, पांडुता हे सर्व यथाविधि पाहिले. शतावरी कल्प दुधातून, लघु व स्निग्ध आहार आणि विश्रांती असे सांगून आठ दिवसांनी बोलावले. बालकाचे वजन केले नाही. आठव्या दिवशी आणलेले बालक रडत नव्हते, आणि घरच्यांना तोच औषधाचा गुण वाटत होता. प्रत्यक्षात ते ग्लानीत होते, जिव्हा शुष्क, मूत्रप्रवृत्ती दिवसातून दोन वेळा. जन्मवजन २७०० ग्रॅम होते, ते २३५० वर आले होते. तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथे द्रवचिकित्सेने बालक सावरल्यावर एक अनुभवी परिचारिका मातेजवळ अर्धा तास बसली. बालक केवळ स्तनाग्र चोखत होते, स्तनमंडल त्याच्या मुखात जातच नव्हते. दूध उतरत होते, ते बालकाच्या पोटात पोहोचत नव्हते. पकड सुधारली, दोन-तीन दिवस काढलेले दूध वाटीने पाजले, आणि पुढे ते मूल सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर वाढले. माझे औषध अयोग्य होते असे आजही मला वाटत नाही. क्रम चुकला होता, आणि ती चूक माझी होती.

शास्त्रात काय सांगितले आहे

स्तन्य हा रसधातूचा उपधातू होय. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात स्तन्यक्षयाची लक्षणे मोजकीच दिली आहेत : स्तनांची म्लानता आणि स्तन्याचा अभाव किंवा अल्पता. चिकित्सा श्लेष्मवर्धक द्रव्यांची. येथे ध्यानात घ्यावयाची बाब अशी की, बालकाचे रडणे हे या लक्षणांत नाही. स्तन भरलेले, ताठ, कधी दगडासारखे घट्ट, दूध वाहून चोळी भिजते आहे आणि तरीही बालक उपाशी, अशा सूतिकेस क्षय म्हणता येणार नाही. येथे विकृती उत्पत्तीत नसून प्रवर्तनात व ग्रहणात आहे. ‘दूध नाही’ म्हणून येणाऱ्या सूतिकांपैकी बहुतेक याच प्रकारच्या असतात असा माझा अनुभव आहे.

स्तन्यप्रवर्तनाचे कारण सांगताना सुश्रुताचार्य अपत्याचा स्पर्श, दर्शन, स्मरण व ग्रहण यांचा उल्लेख करतात आणि निरंतर स्नेह हा प्रवाहाचा हेतू मानतात. स्तन्यनाशाच्या कारणांत क्रोध, शोक आणि अवात्सल्य येतात. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र हीच गोष्ट ऑक्सिटोसिनच्या भाषेत सांगते : बालक चोखू लागले, दिसले, त्याचा आवाज आला की ते स्रवते, दुग्धकोषांभोवतीचे स्नायुतंतू आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत उतरते. भय, वेदना व चिंता यांनी हा प्रवाह अडतो. दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिनचे असून त्याची पातळी रात्री अधिक असते. म्हणून ‘पोरीला झोपू द्या, रात्री बाटली द्या’ हा प्रेमापोटी दिलेला सल्ला दूध कमी करणारा ठरतो. स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध तयार होते, आणि भरलेला राहिला की निर्मिती मंदावते. वरच्या दुधाची एक बाटली म्हणजे अंगावरचे एक पाजणे कमी. चार-सहा दिवसांत जो क्षय नव्हता तो खरोखरच उत्पन्न होतो.

सुश्रुतांचे आणखी एक वचन व्यवहारात फार उपयोगी पडते. थोडे दूध आधी काढून टाकल्याशिवाय, अतिपूर्ण स्तनावर बालकास लावल्यास त्यास कास, श्वास व वमी होतात असे ते सांगतात. स्तन दाटलेले असता स्तनमंडल ताठ होते, बालकाला ते तोंडात धरता येत नाही, आणि धरले तर धारेने ठसका लागतो. अशा वेळी हाताने थोडे दूध काढून मंडल मऊ करावे व मग बालकास लावावे, हेच आज प्रशिक्षित समुपदेशक शिकवितात.

‘दूध पातळ आहे, पाण्यासारखे आहे’ ही तक्रार आली तर आजीबाईंना शुद्ध स्तन्याची परीक्षा सांगावी. शीत, निर्मल, शंखवर्ण, जलात टाकले असता एकरूप होणारे, आणि तनु म्हणजे पातळ. शास्त्राने ज्यास गुण म्हटले त्यास आपण दोष म्हणू नये.

मधु-घृताचा प्रश्न

येथे एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. सुश्रुतसंहितेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन्य प्रवृत्त होते असे सांगून पहिल्या दिवसांसाठी मधु-घृतादि लेह सांगितला आहे. चरकसंहितेत जातकर्मात मधु-घृताचे प्राशन आहे, परंतु त्यानंतर लगेच प्रथम दक्षिण स्तन देण्याचा विधी आहे. दोन्ही वचने आपल्यापुढे आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते हे सुश्रुतांचे निरीक्षण अचूकच आहे. मात्र त्याआधीचा चीक हा प्रमाणाने अल्प असला तरी नवजाताच्या गरजेस पुरेसा व रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो, हे आज निश्चित झाले आहे. मधातील क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकास घातक व्याधी होऊ शकते हेही ज्ञात आहे. अशा स्थितीत वैद्याने चरकोक्त क्रमातील ‘प्रथम स्तन’ हा भाग धरावा आणि मधाचे बोट टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही वैद्यबंधूंना हे रुचणार नाही याची जाणीव आहे. परंतु जन्मघुट्टी, मध, साखरपाणी यांनी बालकाची पहिली भूक भागते आणि ज्या तासात ते सर्वाधिक सजग असते तोच तास वाया जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे दिसते, पण जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बालके ४१.८ टक्केच आहेत. प्रसूती रुग्णालयात गेली, पण पहिल्या पाजण्यास जवळ बसणारे माणूस तेथे मिळतेच असे नाही.

पाजणे कसे पाहावे

यासाठी उपकरण लागत नाही. पाठीस टेकण असलेली खुर्ची अथवा भिंतीशी बैठक, पडदा, आणि वीस मिनिटे लागतात. पुरुष वैद्याने हे काम पत्नी वैद्य असल्यास तिच्याकडे, नसल्यास प्रशिक्षित परिचारिकेकडे द्यावे. संकोचामुळे परीक्षण टाळणे मात्र योग्य नव्हे.

प्रथम मातेस नेहमी जसे पाजते तसे पाजू द्यावे आणि काही न बोलता पाहावे. बालकाचे डोके व धड सरळ रेषेत आहे की मान वळलेली आहे? त्याचे पोट मातेच्या पोटास लागलेले आहे का? मान वळवून गिळणे किती कठीण, हे स्वतः मान वळवून घोटभर पाणी पिऊन पाहावे. मातेलाही तसे करून दाखविले की समजावून सांगण्याची गरज उरत नाही. नंतर मुख पाहावे. चांगल्या पकडीत मुख मोठे उघडलेले असते, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनास टेकलेली, आणि काळ्या मंडलाचा भाग ओठांच्या वर अधिक, खाली कमी दिसतो. चोखणे संथ व खोल असते, मधून विराम, आणि गिळण्याचा आवाज. गाल आत ओढले जात असतील, चटचट आवाज येत असेल, किंवा माता ओठ आवळून वेदना सहन करीत असेल, तर पकड चुकली आहे. स्तनाग्रास पडलेल्या भेगांचे सर्वांत मोठे कारण हेच होय. अशा भेगांवर शतधौत घृत लावून सूतिकेस परत पाठविणारा वैद्य व्रणाची चिकित्सा करतो, हेतूची करीत नाही.

पकड सुधारताना स्तन बालकाकडे नेऊ नये, बालकास स्तनाकडे आणावे. ज्या स्तनावर पाजावयाचे त्याच्या विरुद्ध हाताने बालकाची मान व पाठ धरावी आणि त्याच बाजूच्या हाताने स्तनास खालून आधार द्यावा. स्तनाग्र बालकाच्या वरच्या ओठास लावावे, ते ‘आ’ करील तेव्हा त्वरेने जवळ घ्यावे, हनुवटी आधी लागली पाहिजे. पकड चुकली तर ओढून काढू नये. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवावे व पुन्हा लावावे. चार-पाच वेळा करावे लागते. डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने मुंबईच्या आय.आय.टी.तील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या विषयावरील चित्रफिती मराठीतही केल्या आहेत. चिकित्सालयातील प्रतीक्षाकक्षात त्या दाखविता येतील.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, मूत्र व वजनावरून ठरवावे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ मूत्रप्रवृत्ती हवी. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते, ते दोन आठवड्यांपर्यंत जन्मवजनावर यावयास हवे आणि पुढे महिन्यास किमान अर्धा किलो वाढले पाहिजे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हे नवजातासाठी प्राकृत आहे. दर दोन तासांनी मागते म्हणजे दूध कमी, हा गैरसमज दूर करावा. वजनकाटा नसलेल्या चिकित्सालयात स्तन्यक्षयाचे निदान होऊ नये, इतके कठोर वाक्य मी वरील प्रसंगानंतर लिहीत आहे.

पकड योग्य, वारंवारता योग्य, रात्रीचे पाजणे चालू, आणि तरीही वजन वाढत नसेल तर खऱ्या क्षयाचा विचार करावा. प्रसूतीवेळी अतिरक्तस्राव झाला होता का, अपरेचा अंश राहिला आहे का, थायरॉईडची विकृती, पूर्वीची स्तनशस्त्रक्रिया, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, यांची चौकशी व्हावी. बालकाची जिव्हा खालून बांधलेली आहे का तेही पाहावे. शतावरीसंबंधी आधुनिक पुरावा दुहेरी आहे : १९९६ साली ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात शतावरीयुक्त योगाचा लाभ दिसला नाही, तर २०११ च्या साठ मातांवरील परीक्षणात प्रोलॅक्टिनची वाढ दिसली. चरकोक्त स्तन्यजनन दशेमानीत वीरणाबरोबर शालि व षष्टिक आहेत. धानाच्या या जिल्ह्यात त्यांसाठी दुकानात जावे लागत नाही. तुपाची फोडणी दिलेली तांदळाची पेज सूतिकेस भरपूर द्यावी असे सांगण्यास कोणाची हरकत असणार? बाळंतिणीस पोटभर खाऊ न देण्याची प्रथा जेथे आहे, तेथे औषधापेक्षा हे एक वाक्य अधिक काम करते.

कोणाकडे पाठवावे

तज्ज्ञ साहाय्य म्हणजे मोठ्या शहरातील महागडी सेवा अशी समजूत आहे, ती आपल्या भागापुरती तरी बरोबर नाही. स्तनपानाच्या संरक्षणासाठी काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्याच विदर्भात, वर्धा येथे स्थापन झाली. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजाताची घरोघरी काळजी घेतली, आणि त्यातून नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वजन करणे, ऊब राखणे, पाजण्यास मदत करणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे ही कामे त्या स्त्रिया करीत. पदवी त्यांच्याकडे नव्हती, कौशल्य होते. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर आली. संस्थेत प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी यावयाचे असते, घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही. २०१६ च्या ‘माँ’ कार्यक्रमाने स्तनपान समुपदेशनावर पुन्हा भर दिला, आणि २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रसूती होणाऱ्या सर्व शासकीय केंद्रांत स्तनपान साहाय्य अपेक्षिले आहे.

तेव्हा सूतिका समोर आली की पहिला प्रश्न ‘आशाताई आल्या होत्या का?’ हा असावा. येथे एक फट लक्षात येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, नोंद मात्र सासरच्या गावच्या यादीत असते. आमगाव-सालेकसा पट्ट्यात माहेर किंवा सासर बालाघाट, राजनांदगाव बाजूस, म्हणजे दुसऱ्या राज्यात असते. दोन गावांच्या दोन याद्यांमध्ये ही बाळंतीण कोणाचीच नसते. ज्या दिवशी तिला सर्वाधिक गरज असते त्या दिवशी ती आपल्याच दारात उभी असते. ती जेथे राहत आहे त्या गावच्या आशाताईंस दूरध्वनीने कळविणे हे आपले काम मानावे.

स्तनात वेदनायुक्त कठीण गाठ, ज्वर व आरक्तता असून चोवीस तासांत उपशय न मिळाल्यास, किंवा विद्रधीची शंका असल्यास, ग्रामीण रुग्णालयात अथवा गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात पाठवावे. स्तनपान मात्र बंद करू नये, त्या स्तनाचे दूध निघत राहिले पाहिजे. बालक ग्लानीत आहे, चोखत नाही, मूत्र कमी, अंग थंड किंवा तप्त, तळव्यांपर्यंत पिवळेपणा, अथवा वजन जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घटलेले, अशा वेळी घटकाभरही विलंब नको. १०२ किंवा १०८ क्रमांकाचे वाहन बोलवावे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली अशा शिशूस शासकीय रुग्णालयात नेणे व उपचार विनामूल्य आहेत, हे घरच्यांना त्याच वेळी सांगावे. पैशाच्या काळजीने गाडी उद्यावर ढकलली जाते.

दुकानदार बंधूंसाठी

शिशु दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीचा १९९२ चा कायदा आपणास ठाऊक असेल. २००३ च्या दुरुस्तीने ‘आरोग्य सेवा यंत्रणे’च्या व्याख्येत खाजगी व्यवसाय करणारे आरोग्य कर्मचारी, औषधी दुकाने व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटना हे सर्व आले, हे मात्र अनेकांस ठाऊक नाही. डबा विकण्यास बंदी नाही. दुकानात त्याचे फलक लावणे, प्रचाराचे साहित्य वाटणे, नमुने अथवा भेटवस्तू देणे यांस बंदी आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचे डबाबंद शिशुआहारही त्यात येतात. उत्पादकाकडून वैद्यास वा त्याच्या कुटुंबीयांस भेट, आणि संघटनेच्या परिषदेस वा चर्चासत्रास अर्थसाहाय्य, हेही निषिद्ध आहे. आपल्या संघटनेच्या कार्यक्रमांचे प्रायोजक ठरविताना कार्यकारिणीने हे वाचावे.

डबा मागणाऱ्या आजीस दुकानदाराने उपदेश करू नये, एक प्रश्न विचारावा : “बाळ किती दिवसांचं आहे? वजन कधी केलं?” माता नसेल, गंभीर आजारी असेल, वैद्यकीय सल्ल्याने पर्यायी दूध सुरू असेल, तर डबा द्यावा. त्याबरोबर पाणी उकळण्याचे व माप न घटविण्याचे नीट सांगावे, कारण महाग डबा पुरवून वापरण्यासाठी तो पातळ केला जातो. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा जुने बोंडले बरे, धुण्यास व उकळण्यास सोपे.

रोवणीच्या दिवसांत मागणी वाढते याचे कारण निराळे असते. महिना-दीड महिन्याची बाळंतीण बांधीत उतरते आणि बालक आजीजवळ राहते. तिला दूध भरपूर असते, ती जवळ नसते. तिला हाताने दूध काढणे शिकवावे : अंगठा व तर्जनी मंडलाच्या कडेस ठेवून प्रथम छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे, आणि बोटे सभोवार फिरवीत जावे. उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात, सावलीत ठेवलेले हे दूध चार तासांच्या आत वाटीने पाजावे. निघताना एकदा, दुपारी भाकरीच्या वेळी बालकास धुऱ्यावर आणून एकदा, आणि रात्री मागेल तितके वेळा पाजले तर डब्याची गरज पडत नाही. दुपारी बालकास कोण आणणार, एवढेच घरच्यांशी बोलून ठरवावे लागते.